बारा घराणी राहू देत, आधी चार पानं पूर्ण कर

आलेलं पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय:

"ताई, मी राजारामपुरीत राहतो, बी.कॉम. झालंय, उद्यमनगरात एका फौंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. कॉलेजपासून एक दुनिया लिहितोय, त्यात बारा घराणी आहेत, प्रत्येकाचा वंशवृक्ष आहे, नकाशा आहे, जाडजूड वह्या भरल्यात. मला याचं कॉमिक करायचंय आणि त्यावरच एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम पण. चित्रं काढता येत नाहीत. तुम्ही दोन्ही लिहिता म्हणून विचारतोय, तुमचा आठवडा नेमका जातो कसा? मी काय वाचू, काय खेळू? नोकरी सोडून वर्षभर पूर्ण वेळ दिला तर जमेल का? पप्पा म्हणतात ह्यानं पोट भरत नसतंय. आणि शेवटचं, मराठीत लिहू का इंग्लिशमध्ये?"

भावा, पत्र वाचून लय बरं वाटलं. नोकरीचं आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. सोडू नको. पप्पा खोटं बोलत नाहीत. या कामात पैसा आहे, पण तो तुकड्यातुकड्यानं येतो आणि उशिरा येतो. कॉमिक्समध्ये लेखकाला पानामागं पैसे मिळतात, चित्रकारापेक्षा कमी, आणि ते योग्यच आहे कारण तू जे पान तासाभरात लिहिलंस त्यावर त्याचा अख्खा दिवस जातो, कधी दोन. बाहेरच्या पब्लिशरसाठी रोलप्लेइंग गेमचं, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र घेऊन बोलत, फासे टाकत खेळायच्या गेमचं, काम मिळालं तर शब्दाला काही सेंट असा हिशोब असतो, एक मोठं ॲडव्हेंचर, म्हणजे त्यात खेळायची अख्खी गोष्ट, लिहिलं की आकडा बरा दिसतो, पण तो हातात पडेपर्यंत महिने जातात आणि त्याच्या पुढचं काम कधी ते सांगता येत नाही. माझ्याकडं त्यातल्या त्यात नियमित पैसा येतो तो संस्थांच्या कॉमिक्समधनं, आरोग्यावर, पाण्यावर, बचत गटावर बारा-सोळा पानांची पुस्तिका त्यांना पाहिजे असते, ती लिहायची. त्याला कमी समजू नको. जुलाब झालेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी कसं करून द्यायचं हे सहा पॅनलमध्ये, म्हणजे चित्राच्या सहा चौकटींत, फारसं वाचता न येणाऱ्या बाईला कळेल असं सांगायला जमलं की तुझी घराणी पण तुला नीट सांगता येतील.

पगार चालू आहे म्हणून तर तुला काय लिहायचं आणि काय नाही हे स्वतःच्या मनानं ठरवता येतंय. लिखाणाचे पैसे सलग वर्षभर येत राहिले आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला की परत लिही, तेव्हा या प्रश्नावर नव्यानं बोलू.

आता आठवडा. माझा आठवडा रविवारी चालू होतो, टेबलवर. मंगळवार पेठेत एका मैत्रिणीच्या वरच्या खोलीत आम्ही चार-पाच जण जमतो, चार वाजता. त्याच्या आधी कोल्हापुरात कुणाला बोलवून उपयोगच नाही, रविवारचं मटण झालेलं असतंय आणि दोन ते चार सगळी पेठ आडवी असते. चारला चहा होतो आणि मी त्यांच्या हातात नियमांचा कागद देते, अर्धाकच्चा असला तरी देते, आणि गप्प बसते. मी खेळत नाही, तोंडानं समजावून पण सांगत नाही, कारण उद्या हाच कागद सांगलीत नाहीतर नाशकात कुणी उघडेल तेव्हा मी तिथं शेजारी नसणार. माझ्याकडं एक वही आणि घड्याळ. कोण कागद परत उलटा करून बघायला लागला, कोण "आता काय करायचं?" म्हणाला, कुणाचा हात मोबाईलकडं गेला, हे मिनिटासकट लिहून ठेवायचं. हसले, मजा आली म्हणाले, हे लिहायचं नाही, कारण आपली माणसं आपल्याला मजा आली असंच म्हणणार. मोबाईलकडं गेलेला हात खरं सांगतो.

सोमवारी ती वही समोर ठेवून कागद दुरुस्त. मंगळवार-बुधवार सकाळी कॉमिकची स्क्रिप्ट, त्याच्यावर खाली सविस्तर लिहितेय. गुरुवारी चित्रकाराबरोबर बसते, त्याची कच्ची स्केचेस बघते आणि माझे संवाद खोडते. शुक्रवारी बिलं, मेल, पैसे कधी देताय म्हणून आठवण, आणि नियमांचे शब्द कापायचे. शनिवारी दुसऱ्यांचं वाचते, दुसऱ्यांचं खेळते, आणि पुढच्या दिवशीचा कागद प्रिंट करून आणते. तुझी नोकरी सांभाळून यातलं एवढंच धर: रविवारचं टेबल आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. बाकीचे दिवस फौंड्रीचे, त्यात चोरून लिहायचा प्रयत्न पण करू नको, मार्च एंडिंगला तर अजिबातच नको.

तुझ्या पत्रात मला एक गोष्ट सलग टोचत राहिली. बारा घराण्यांबद्दल आहे, नकाशाबद्दल आहे, वह्यांबद्दल आहे, पण त्या वह्या कुणी वाचल्या असं एका माणसाचं नाव त्यात नाही. आणि ही दोन्ही कामं अशी आहेत की ती दुसऱ्याच्या हातात गेल्याशिवाय पूर्णच होत नाहीत. कॉमिकची स्क्रिप्ट वाचक कधी बघतच नाही, ती चित्रकाराला लिहिलेली असते. गेमचा कागद वाचून काही होत नाही, तो चार माणसांनी खेळला की मग तो गेम. कादंबरी लिहायची असती तर मी म्हटलं असतं, बस अजून दोन वर्षं एकटा. इथं तसं नाही. इथं आधी माणसं ठरवायची, तारीख ठरवायची, मग त्या तारखेला जेवढं लागतंय तेवढंच लिहायचं. माझी कामं पूर्ण होतात कारण रविवारी चारला जिना चढून माणसं येणार असतात आणि गुरुवारी एकजण स्केचबुक घेऊन बसणार असतो. तेवढ्यानंच होतात.

म्हणून तुला दोन छोटी कामं देते. चार पानांचं एक कॉमिक आणि एका कागदाचा एक गेम. घराणी वहीत राहू देत, ती कुठं पळून जात नाहीत.

चार पानंच का, तर एक ए-फोर कागद मधनं दुमडला की चार पानं होतात, झेरॉक्सवाल्याकडं दोन्ही बाजूंनी काढून आणायचं, झालं तुझं पहिलं पुस्तक. पुढं वाढवलंस तर चारच्या पटीतच वाढव, आठ, बारा, सोळा, कारण मधे पिन मारायची तर पानं चारच्याच हिशोबात येतात. आणि पान उलटायची जागा लक्षात ठेव. दोन आणि तीन ही पानं समोरासमोर उघडतात, म्हणजे दोनवर असताना वाचकाच्या डोळ्याला तीन पण दिसतंच. तुला जे अचानक दाखवायचंय ते एक तर पान दोनवर, नाहीतर पान चारवर पहिल्या पॅनलला, उलटल्याशिवाय दिसायला नको. तीनच्या शेवटच्या पॅनलला प्रश्न टाकायचा. हे इतकं साधं आहे पण नवीन लोकांच्या स्क्रिप्टमध्ये हमखास चुकलेलं असतंय, कारण ते वर्डमध्ये सलग लिहीत जातात. त्यापेक्षा एक कागद खरंच दुमडून घे आणि त्यावर पेन्सिलनं चौकटी मारून बघ, काड्यांची माणसं काढलीस तरी चालतंय.

स्क्रिप्ट लिहिताना एका पॅनलला एकच क्रिया. तू असं लिहिशील, मला पैज लावून सांगता येईल: "तो झोपेतनं उठतो, दार उघडतो आणि बाहेर पाणी बघून दचकतो." हे तीन पॅनल आहेत. चित्र थांबलेलं असतं, त्यात उठणं, उघडणं आणि दचकणं एकत्र काढता येत नाही, चित्रकार बिचारा त्यातलं एक निवडणार आणि तुला वाटणार त्यानं बिघडवलं. त्याऐवजी असं लिही: पॅनल एक, अंधारी खोली, कॉटवर तो उठून बसलेला, पाय जमिनीला टेकलेत. पॅनल दोन, फक्त पाय, घोट्यापर्यंत पाणी. पॅनल तीन, दार उघडं, तो पाठमोरा, समोर गल्लीत पाणी आणि त्यात तरंगणारी एक चप्पल. संवाद काहीच नाही. बघ, दचकणं लिहावंच लागलं नाही. पानाला पाच-सहा पॅनलच्या वर जाऊ नको, आणि गर्दीचा सीन असला तर चारच ठेव. कोण कुठल्या बाजूला उभा आहे ते सांग, आणि आधी जो बोलणार तो डावीकडं, कारण आपण डावीकडनं वाचतो.

आता मराठीची एक अडचण, जी इंग्लिशमधनं शिकलेल्या पोरांच्या ध्यानात येत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षर लागतं, त्यामुळं दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं आणि तेवढ्याच मजकुराला संवादाचा फुगा मोठा होतो. इंग्लिश कॉमिक्सला एका फुग्यात पंचवीसेक शब्द चालतात असा ठोकताळा आहे, मराठीत मी पंधराच्या आसपास थांबते. लांब बोलायचंच असलं तर दोन फुगे कर, मधे श्वास मिळतो. लेटरिंगला, म्हणजे फुग्यातली अक्षरं बसवायला, फॉन्टचे पैसे खर्च करायची गरज नाही, एक टाइपचा बलू आणि इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम हे दोन्ही देवनागरीत फुकट मिळतात, बलू आरडाओरड्याला आणि आवाजाच्या अक्षरांना चांगला, कलम हातानं लिहिल्यासारखा दिसतो म्हणून साध्या बोलण्याला.

चित्रकार कुठं शोधू असं विचारलं नाहीस, पण तोच खरा प्रश्न आहे, आणि त्या बाबतीत तू राहतोस त्या गावासारखं गाव नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा सिनेमा केला तो याच गावात, स्वतःच्या सिनेमाची पोस्टर्स स्वतः रंगवणारा माणूस होता तो. आजही दळवीज आहे, कलानिकेतन आहे, दोन्ही चित्रकला शिकवणाऱ्या संस्था, तिथल्या पोरांची प्रदर्शनं लागतात, जा आणि नुसतं चित्र सुंदर आहे का हे बघू नको. हात बघ, पाठ बघ. ज्याच्या चित्रातली माणसं पाठमोरी असूनसुद्धा थकलीत का रागावलीत ते कळतं, तो तुझा चित्रकार. त्याला चार पानांचे पैसे दे. थोडे का असेनात, पण दे, पगारातनं बाजूला काढ, "नाव होईल तुझं" हे वाक्य तोंडातनं काढू नको. पैसे दिले की तारीख मागता येते.

गेमचं बघू. घराण्यांचा गेम नंतर. आत्ता तुला जे माहितेय आणि दुसऱ्या गावातल्या लेखकाला माहीत नाही, त्यावर कर. मी उदाहरण म्हणून एक मांडून दाखवते, आवडला तर घेऊन टाक, तुझाच.

पुराची रात्र. खेळणारे चार जण एका गल्लीतली चार माणसं. पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या आपण सगळे एकच आकडा विचारतो, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, २०१९ ला तो आकडा ५५ च्या वर गेलेला तू बघितलायस. म्हणजे गेमचं घड्याळ तुला आयतंच मिळालंय. कागदाच्या कडेला फूटपट्टी काढ, ३५ पासून ४३ पर्यंत, आणि खेळ ३५ ला चालू कर. काही अवघड करायचं असेल, आजीला माळ्यावर न्यायचं, शेजाऱ्याची म्हैस सोडायची, बोटीवाल्याला हाक पोचवायची, की दोन फासे टाकायचे. बेरीज १० किंवा वर, काम झालं. ७ ते ९, झालं पण काहीतरी गमावलं. ६ किंवा खाली, काम झालं नाही आणि पाणी एक फूट चढलं. ही तीन भागांची विभागणी माझी नाही, २०१० मध्ये आलेल्या अपॉकॅलिप्स वर्ल्ड या गेमनं ती रूढ केली आणि त्यानंतर कितीतरी गेम्सनी घेतली.

आता तू अकाउंट्सवाला आहेस तर हिशोब करून बघ. दोन फाशांचे ३६ निकाल. ६ किंवा खालचे १५, ७ ते ९ चे १५, १० किंवा वरचे फक्त ६. पाणी ३५ वरनं ४३ ला जायला आठ वेळा फसावं लागतं, आणि ३६ मधले १५ फसतात, म्हणजे सरासरी एकोणीस-वीस वेळा फासे पडले की धोक्याची पातळी. एकदा फासे टाकायला बोलणं, ठरवणं, वाद घालणं धरून पाच मिनिटं गेली तर दीड तासाच्या पुढं खेळ संपतोय. रविवारी चारला बसून साडेपाच-सहाला उठायचं, बरोब्बर. तुला खेळ लांबवायचा असेल तर फूटपट्टी ३३ पासून चालू कर, फाशांना हात लावू नको. गेम लिहिणं म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त हेच काम, आणि तुझी पदवी इथं उपयोगाला येतेय.

अजून एक भर. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, एकूण सात, धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि एक उघडला की गावभर बातमी. दोन्ही फाशांवर सारखाच आकडा पडला की एक दरवाजा उघडला म्हणायचं. सारखे आकडे ३६ मधे ६ वेळा, म्हणजे खेळभरात तीनेक दरवाजे. दरवाजा उघडला की ज्यानं फासे टाकले त्यानं घरातली एक वस्तू सांगायची जी खालीच राहिली. बस. त्याला गुण नाहीत, शिक्षा नाही. मी सांगते, टेबलवर सगळ्यात जास्त शांतता याच वेळी होणार, कारण कुणी फ्रिज म्हणणार आणि कुणी लग्नाचा अल्बम.

पण एक काळजी घे, हे मनापासून सांगतेय. आपल्या टेबलवर शाहूपुरीतला, दुधाळीतला, सुतारवाड्यातला कुणीतरी असणार ज्याच्या घरात खरंच पाणी शिरलंय. खेळायच्या आधी विचार, कुठली गोष्ट आज नको? आणि एका कागदावर फुली मारून टेबलच्या मध्यावर ठेव, कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही. जगभर हे एक्स कार्ड म्हणून वापरतात. लोकांना वाटतं यानं खेळ मिळमिळीत होतो. माझ्या टेबलवर उलट झालंय, थांबता येतंय हे माहीत असलं की माणसं जास्त खोल जातात.

पूर नको असेल तर फुटबॉल घे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या संघांची फायनल, त्याच्या आदल्या रात्री तालमीत, म्हणजे मंडळाच्या जागेत, बसलेली चार माणसं. गोलकीपर, जुना खेळाडू, मंडळाचा खजिनदार आणि ज्याची सासुरवाडी समोरच्या पेठेत आहे तो. एवढं लिहिलं की गेम अर्धा झालाच.

काय वाचू? भरपूर नको, थोडं आणि परत परत. 'चिंटू' घे. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा, १९९१ पासूनचा. एक चित्रपट्टी समोर ठेव, शेवटचा पॅनल हातानं झाक, आणि तू स्वतः लिही, मग हात काढ. रोज एक केलीस तर महिन्याभरात कळायला लागतं की हसू शब्दात नसून आधीच्या पॅनलमध्ये कोण गप्प होता त्यात असतं. दुसरं 'भीमायन', २०११ चं, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावर. त्यात सरळ चौकटी नाहीतच, गोंड नक्षीच पान विभागते. आणि फुगे बघ: साध्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. पाण्याला शिवू देत नाहीत त्या प्रसंगात ती नांगी बघितली की पुढं तू कुठलाच फुगा नुसता गोल काढून मोकळा होणार नाहीस. इथल्या कॉमिक्सनं किती लांब जावं याचं माझ्यासाठी हेच माप आहे. आणि जुन्या पुस्तकवाल्याकडं मराठी इंद्रजाल दिसलं तर उचल, १९६४ ते १९९० चालली ती मालिका. कथेपेक्षा हे बघ की इंग्लिशसाठी काढलेल्या फुग्यात वेताळाचं मराठी कसं बसवलंय, कुठं वाक्य मोडलंय, कुठं छोटं केलंय. बाकी करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्व घे, १८५० पासूनची लायब्ररी आपल्या गावात आहे, आणि तिथं कॉमिक्स शोधू नको, गॅझेटियर, बखरी, गावोगावच्या आठवणींची पुस्तकं शोध. घराण्यांना लागणारा माल तिथं आहे.

खेळायला पहिला लेझर्स अँड फीलिंग्ज, जॉन हार्परचा, अख्खा गेम एका पानावर आणि फुकट. तू २ ते ५ मधला एक आकडा निवडतोस, आणि तोच तुझा पूर्ण स्वभाव. डोक्यानं करायचं काम असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली पडायला पाहिजे, मनानं करायचं तर वर. म्हणजे एकात हुशार झालास की दुसऱ्यात आपोआप कच्चा. एका आकड्यात माणूस कसा मावतो ते शिकायला याच्यापेक्षा चांगला कागद मला माहीत नाही, तुझ्या वंशवृक्षांच्या शेजारी ठेवून बघ. दुसरा द क्वायट इयर, एव्हरी आल्डरचा, २०१३ चा. त्याला पत्त्यांचा कॅट लागतो आणि एक मोठा कोरा कागद. ५२ पानं म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे, बदाम, चौकट, किलवर, इस्पिक असे चार ऋतू, सगळे मिळून एका वस्तीचा नकाशा काढत जातात आणि इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथंच थांबतो, अर्धं राहिलेलं अर्धंच राहतं. तुला नकाशाचं वेड आहे, पण तुझा नकाशा तू एकट्यानं काढलास. चौघांनी मिळून काढलेला कसा होतो ते एकदा बघच.

डंजन्स अँड ड्रॅगन्स, या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध गेम, खेळायचा असेल तर खेळ, त्याचे मूळ नियम २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या परवान्याखाली खुले केलेत, श्रेय देऊन त्यावर तुला स्वतःचं ॲडव्हेंचर विकता पण येतं. फक्त सुरुवात तिथनं करू नको, नियम इतके आहेत की लिहिण्याऐवजी वाचण्यातच वर्ष जाईल. आणि घरातला सारीपाट काढ, आजीबरोबर खेळ. सावंतवाडीला गेलास तर दशावतारी गंजिफा, म्हणजे जुने गोल पत्ते, बघून ये, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० हातानं रंगवलेली पानं. आपल्याकडं टेबलटॉप नव्हतं असं समजून लिहायला बसू नकोस.

कागदपत्रांचं थोडं, कारण तुझ्यासारख्या पोरांना यातच फसवतात. खेळाची नुसती पद्धत, म्हणजे दोन फासे टाका आणि बेरीज बघा, यावर कॉपीराइट लागत नाही, ती कुणीही वापरू शकतं. पण तू ज्या शब्दात नियम लिहिलेस ते शब्द आणि चित्रं, त्यावर लागतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणं लेखी करार लागतो, तोंडी चालत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या देशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात "कायमस्वरूपी", "संपूर्ण जगात", "सर्व माध्यमांत" असे शब्द दिसले की सही करायच्या आधी पैसे त्या मानानं आहेत का बघ. मला एकदा असाच कागद आला होता, सोळा पानांच्या पैशात पात्रं, खेळणी, सिनेमा सगळं मागितलं होतं, मी ती ओळ खोडून पाठवली आणि त्यांनी मुकाट्यानं मान्य केलं. खोडून पाठवायला घाबरू नको. आणि चित्रकाराबरोबर पण एक साधा कागद कर, दोघांचं किती, पुढं छापलं तर कुणाचं किती. मैत्री आहे म्हणून नको असं म्हणू नको, मैत्री आहे म्हणूनच कर.

राहिलं मराठी का इंग्लिश. पहिलं मराठीत, कारण रविवारी टेबलवर बसणारी माणसं मराठीत भांडणार, मराठीत घाबरणार, आणि कागद इंग्लिश असला की ती वाचताना एक सूर लावतात आणि खेळताना दुसरा, मधे खेळ तुटतो. मी हे परत परत होताना बघितलंय. मराठी कागद चार रविवार खेळून पक्का झाला की त्याचं इंग्लिश कर, इच डॉट आयओ या गेम विकायच्या वेबसाइटवर पीडीएफ टाक, किंमत ठेव, शून्य नको. संस्थांच्या कामाला मराठी येणारा लेखक पाहिजेच असतो, तिथं ही चार पानंच तुझी ओळख.

तर या रविवारी कोण चौघं येणार ते आजच फोन करून ठरव, मटण झाल्यावर चारची वेळ दे. कागद शनिवारी रात्री लिहिलास तरी पुरेल, फूटपट्टी आणि तीन ओळींचे नियम एवढाच तो आहे. खेळून झालं की मला कागदाचा फोटो पाठव आणि सोबत कुठल्या मिनिटाला कोण अडलं ते लिही, पुढचं उत्तर मी त्यावरच देईन.